गाडी चालू झाई का?

हेमकांतच्या पिकअपने त्याही सकाळी तोंड उघडलं नाही. चावी फिरवली की नुसतं टिक व्हायचं आणि समोरचे दिवे मान टाकायचे. मागे केळीचे घड भरलेले, फोनवर शहाद्याचा व्यापारी, आणि धक्का मारायला गल्लीतले चार जण. या कामात गल्ली आता इतकी तयार झाली होती, की कोणी कुठे खांदा लावायचा हेही सांगावं लागत नसे.

शहाद्याला चुडामण मिस्तरीसमोर मात्र हीच गाडी अर्ध्या चावीला सुरू झाली. चुडामणने मीटर लावून पाहिला, वायरी ओढून पाहिल्या.

"बॅटरी चांगली शे, अल्टरनेटर चांगला शे. पन कोठे तरी करंट पी ऱ्हायनं. आनि हाई टर्मिनल ढिलं शे. कोनी खोलं व्हतं?"

"खड्डास्नी," हेमकांत म्हणाला.

चुडामणने उपाय सांगितला, रोज संध्याकाळी एकेक फ्यूज काढून ठेव. ज्या फ्यूजविना गाडी सकाळी सुरू होईल, चोर त्या वायरीत. हेमकांतने आधी टेपचा फ्यूज काढला. दोन आठवडे गाडी शहाण्यासारखी वागली, त्याने चुडामणला चहा पाजला आणि दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा मुकी. मग केबिनच्या दिव्याचा काढला, मग हॉर्नचा. हॉर्नविना तो खिडकीतून डोकं काढून शेळ्यांवर ओरडत शहाद्याला जायचा. घसा बसला, पण चोर काही सापडला नाही.

खरं निदान केलं त्याच्या बायकोने, कामिनीने, आणि ते न केलेलं बरं होतं.

"रूपसिंगभाऊना बाप गया त्या दिन गाडी बंद व्हती. पोस्टजवयनी काकू गई तवय बी. सकायले गाडी बंद, दुपारले मानूस बंद."

"तोंड बंद ठेव," हेमकांत म्हणाला.

पण ती हे पिठाच्या गिरणीवर आधीच बोलून आली होती. आठवड्यात गावभर झालं. लग्नाच्या दोन वर्द्या परत गेल्या. नवरीला कोण बसवणार असल्या गाडीत? आजारी माणसं नंदुरबारच्या दवाखान्यात एसटीने जाऊ लागली. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं ते सकाळी दात घासत हेमकांतच्या दारासमोर रेंगाळायचे, आणि इंजिनाने आवाज दिला की चूळ भरून घरी जायचे. हेमकांतचं पोट या गाडीवर होतं आणि गाव तिच्याकडे तिरडीकडे बघावं तसं बघत होतं.

समोरच्या घरातले भिलाकाका तर पार खचले. ते हेमकांतच्या वडिलांचे, सुकलालआबांचे लहानपणापासूनचे सोबती. दिवाळीपासून दम्याने खाटेवर होते. रोज पहाटे त्यांची सून प्रमिलाबाई पदर सावरत यायची.

"भाऊ, गाडी चालू झाई का? बाबा ईचारी ऱ्हायनात."

गाडी चालू झाल्याचं कळल्याशिवाय काका चहाला तोंड लावत नसत. मग हेमकांत अंधार असतानाच उठून इंजिन सुरू करू लागला आणि काकांना ऐकू जावं म्हणून रेस देत बसू लागला. एका म्हाताऱ्याचा जीव आपल्या स्टार्टरला टांगलाय, या विचाराने त्याला जेवण जाईनासं झालं. आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत असत.

मग गल्लीतल्या इंद्रसिंगची आई फुलीबाई अत्यवस्थ झाली. डॉक्टरांनी हात टेकले. दिवेलागणीला हेमकांत गाडीवर ताडपत्री टाकायला गेला, तर बॉनेट उघडं, आणि आत वाकलेले आबा. हातात पाना, पायाशी गोणपाट.

"आबा, काय करी ऱ्हायनात?"

"बॅटरी काढी ऱ्हायनू," आबा शांतपणे म्हणाले. "फुलीबाईना घर रातभर भजन शे. माईक लागी."

"भजनी मंडयनी बॅटरी कोठे गई?"

"ती मांगला सालेच मरी गई."

"मंग मंडयले सांगं का नही?"

"काय सांगू? अध्यक्ष मीच शे. बॅटरी मी संभायस असं सभामा सांगी बसनू." आबांनी पाना धोतराला पुसला. "आम्ही सातजन, सातीसना दम गया. माईकबिगर आमना आवाज उंबरठाना बाहेर जास नही. मरनाराले ऐकू तरी जावाले पाहिजे ना."

कोणी शेवटच्या घटका मोजायला लागलं की भजनी मंडळाला बोलावणं यायचं. आबा गुपचूप बॅटरी न्यायचे, रात्रभर माईक चालवायचे, आणि पहाटे अंधारातच ती उतरलेली बॅटरी ढिलीढाली परत बसवायचे. सकाळी गाडी बंद, दुपारी माणूस बंद. हेमकांतला रागही आला आणि हसूही आलं. त्याने पाना घेतला, स्वतःच बॅटरी काढून दिली, आणि फुलीबाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी आबांना घेऊन काकांकडे गेला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हनजे सुकलालनी बॅटरी काढी का मानूस जास."

"नही काका. मानूस जावाले लागना का आबा बॅटरी काढतस."

"एकच शे ते," काका म्हणाले. "कुलूप लाव."

आबांनी मान खाली घातली. हेमकांतने चुडामणकडून बॅटरीवर लोखंडी पट्टी आणि कुलूप बसवून घेतलं. चावी काकांनी मागून घेतली आणि करदोट्याला बांधली. त्या दिवसापासून काका खरोखर सुधारले. ओट्यावर येऊन बसू लागले, भाजीत मीठ कमी म्हणून सुनेशी भांडू लागले. गाडी आता रोज सुरू होत होती, पण लग्नाची वर्दी कोणी देईना. उगाच कशाला परीक्षा, असं लोक म्हणत.

थंडी संपता संपता एका पहाटे गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. हेमकांत नेहमीसारखा रेस देत बसला. प्रमिलाबाई समोरून आली. आज पदर डोक्यावर नव्हता.

"बंद करी दे भाऊ आते," ती म्हणाली. "बाबा झोपमाच गयात."

करदोट्याची चावी सोडवायला कोणाचा हात धजेना. माईकविना भजन झालं. आबा पुढे बसून गात होते आणि त्यांचा आवाज खरंच उंबरठ्याबाहेर येत नव्हता.

बाहेर ओट्याखाली माणसं दबक्या आवाजात बोलत होती. गाडी तर सुरू झाली होती, सगळ्या गल्लीने ऐकली होती, तरी भिला गेला. म्हणजे गाडीत काही दोष नव्हता. इंद्रसिंग हळूच सरकत हेमकांतजवळ आला.

"वैशाखमा पुतन्यानं लगन शे. गाडी मोकयी शे का?"

"शे," हेमकांत म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.