खांबाची मजबुती

दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ बाहेरच्या खोलीत आडवा झाला की त्याचे पाय स्वयंपाकघराच्या दारातून आत येत. सकाळी पाणी प्यायला निघालेले दाजी त्या पायांना हमखास अडखळत आणि वर मेहुणाच डोळे न उघडता विचारी, "लागलं का दाजी?" चार दिवसांसाठी म्हणून आलेला हा पाहुणा दीड वर्ष झालं तरी तिथेच होता. तो खुर्च्यांच्या कारखान्यात हंगामी कामगार होता आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात बचाव सांभाळायचा. मैदानावर त्याला सगळे खांब म्हणत. घरातही तो हलत नसे.

दाजी त्याच कारखान्यात तपासनीस. नव्या खुर्चीवर वाळूची पोती रचत जायची, ती मोडेपर्यंत, आणि मग ती कितपत मजबूत होती ते सांगायचं, हे त्यांचं काम. कामगार त्यांना मोडतोडसाहेब म्हणत. त्याचा त्यांना मनातून अभिमानच होता.

एके दिवशी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मोडतोडसाहेब, यंदा आपल्या संघावर एकही गोल झाला नाही. बचाव पक्का आहे म्हणतात. तुमचं मत काय? खरंच पक्का असेल तर त्या खांबाला कायम करतो. कंपनीची खोलीही देतो."

खोली! दाजींना मोकळा झालेला दरवाजा डोळ्यांसमोर दिसला. 'पक्का आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण ऐन वेळी धंद्याची सवय आडवी आली.

"साहेब, आपले पुढचे तिघे समोरच्याला चेंडूच मिळू देत नाहीत. बचावाची पाळी येते कधी? ज्या खुर्चीवर कोणी बसलंच नाही, तिला मजबूत कसं म्हणायचं?"

"मग बसवा कोणाला तरी," मालक म्हणाले. "पण अंतिम सामन्याच्या आत सांगा."

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, नुसतं हो म्हणायचं होतं! तोंड दुखत होतं का?"

"अगं, तपासल्याशिवाय कसं सांगणार?"

"माझ्याशी लग्न करताना तपासलं होतंत?"

"नाही ना, म्हणूनच तर..." दाजींनी पुढचं वाक्य गिळलं आणि येरझारा घालायला सुरुवात केली. पण पाय पसरलेल्या खोलीत येरझारा तरी किती घालणार? त्यांचं जेवणात लक्ष लागेना. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला की काय, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बचावावर हल्ला करायचा तर तशाच तोडीचे गडी हवेत, आणि तसे गडी गावात तिघेच होते: संघातले स्वतःचेच पुढचे. दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर दाजींनी संघाला मैदानावर उतरवलं. पुढच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "कीव करू नका. मोडेपर्यंत." मग मागच्यांना बाजूला घेतलं आणि त्यांनाही तेच सांगितलं.

अंधार पडायच्या आत पुढच्यांपैकी एकाचा गुडघा सुजला, दुसऱ्याचा घोटा फिरला आणि तिसरा मैदानाबाहेर बसून, आपल्याला लहानपणापासून कॅरमच आवडायचा, असं जो येईल त्याला सांगू लागला. गोल एकही झाला नाही. दाजी आनंदाने उड्या मारतच मालकांकडे गेले.

"साहेब, बचाव पोलादी आहे!"

"ते दिसतंच आहे. दोघांना खांद्यावर घालून नेताना मी पाहिलं, तिसऱ्याने मलाही कॅरमचं सांगितलं," मालक म्हणाले. "आता गोल कोण करणार? तुमचा बचाव घेऊन काय चाटायचंय? सामना हरलो तर खांबाचं कायम होणं विसरा. आणि पुढची जागा तुम्ही रिकामी केलीत, तेव्हा तुम्हीच भरा."

"मी? साहेब, मला धाप लागते."

"खुर्चीलाही लागत असेल. तुम्ही ऐकता का तिचं?"

अंतिम सामन्याला दाजी मैदानात उतरले तेव्हा त्यांची चड्डी वाऱ्याने आणि पाय भीतीने हलत होते. पहिला अर्धा वेळ त्यांनी चेंडूपासून सुरक्षित अंतर राखलं. मध्यंतरानंतर मात्र घात झाला. चेंडू गडगडत थेट त्यांच्या पायाशी येऊन थांबला. समोर गोल दिसला, खोली दिसली, मोकळा दरवाजा दिसला, आणि दाजी सुटले.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या संघाने त्यांना अडवलं नाही. उलट वाट करून दिली. लोक ओरडत होते, त्याने दाजींना आणखी चेव आला. गर्दीतून बायकोचा आवाज स्पष्ट आला, "अहो, उलटे चाललात!" पण लग्न झाल्यापासून ती हेच सांगत आली होती, त्यामुळे दाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. आपल्याच माणसाला अडवायचं की नाही, या संभ्रमात गोलरक्षक तोंड उघडं टाकून उभा राहिला. मध्ये उरला एकटा खांब.

"बाजूला हो, मी आहे!" दाजी ओरडले.

"माहीत आहे, दाजी. माफ करा," असं म्हणत खांब आला.

चेंडू एकीकडे गेला, दाजी दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मधून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज दाजींच्या चांगला ओळखीचा होता.

सामना गोलशून्य सुटला आणि ढाल दोन्ही संघांना विभागून मिळाली. मालक दवाखान्यात आले ते हर्षाने फुललेले. "सख्ख्या दाजीलाही सोडलं नाही! याला म्हणतात बचाव! खांबा, आजपासून तू कायम, आणि ही घे खोलीची किल्ली!"

मांडीपर्यंत प्लास्टर असूनही दाजींना दीड वर्षात पहिल्यांदा हलकं वाटलं. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

"किल्ली राहू द्या, साहेब," खांब हुंदका देत म्हणाला. "माझ्यामुळे दाजींचा पाय गेला. ते धावायला लागेपर्यंत मी त्यांच्या उशापासून हलणार नाही."

"ऐकलंत?" बायकोने पदराने डोळे टिपले. "तुम्ही उगाच त्याला पाहुणा पाहुणा म्हणत होता. अहो, किती जीव आहे त्याचा तुमच्यावर!"

दाजींनी डोळे उघडले आणि डॉक्टरांना विचारलं, "धावायला किती दिवस लागतील?"

"या वयात?" डॉक्टर हसले. "आता धावायचं कशाला? घरात माणूस आहे ना!"