सुनेला आवडणारी वाघाट्याची भाजी

मुलांनो, जंगल कुठलंही घ्या, ससे सगळीकडे सारखेच. तर एका जंगलात सशांची एक वाडी होती आणि वाडीभोवती वाघाटीचं कुंपण होतं.

वाघाटी म्हणजे झुडपासारखी माजणारी काटेरी वेल. काटे वाघाच्या नखांसारखे वाकडे. एकदा अंग धरलं की सोडत नाहीत. त्यामुळे कोल्हा रोज कुंपणापर्यंत यायचा, आतल्या सशांचा वास घ्यायचा आणि उपाशीपोटी परत जायचा.

वाघाटीला लिंबाएवढं हिरवं फळ येतं, वाघाटं. ते इतकं कडू की कारल्याला त्याच्यासमोर गूळ म्हणावं. वाडीतले ससे त्याची भाजी वर्षातून एकदाच खात, आषाढातल्या द्वादशीला, एकादशीचा उपास सोडताना. (ससे एरवीही पालाच खातात, मग उपासाला सोडतात काय, असं विचारू नका. उपासाबद्दल विचारायचं नसतं.) घासभर भाजी गिळायची, वर पाणी प्यायचं आणि वर्षभर तिचं नाव काढायचं नाही. प्रथा मोठी शहाणी होती.

त्या वर्षी भागाबाई सशिणीच्या घरात नवी सून आली. तिचं नाव शेवरी. ती कमी बोलायची. सासरी याला गुण म्हणतात.

द्वादशीला भागाबाईंनी भाजी वाढली. शेवरीने घास घेतला आणि तिचे दोन्ही कान आपोआप आडवे झाले.

"कशी झालीये?" सासूबाईंनी विचारलं.

सगळं घर चावायचं थांबलं. शेवरीचा नवरा भुरक्या पानाकडे बघू लागला. सासरे पाण्याचं भांडं शोधू लागले.

"छान झालीये," शेवरी म्हणाली.

आता झालं असं की भागाबाईंच्या कुठल्याच भाजीला त्या घरात आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शेवरीला आणखी डावभर भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाघाटी. तिसऱ्या दिवशीही.

"आज परत हीच?" सासरे म्हणाले.

"सुनेला आवडते. लेक असती तर केली नसती का?"

 सुनेसाठी म्हणून सासरे खाऊ लागले. आईसाठी म्हणून भुरक्या खाऊ लागला. सगळे खातात म्हणून शेवरी खाऊ लागली. प्रेमळ कुटुंब असं असतं, मुलांनो.

काही दिवसांनी तिने धीर केला आणि नवऱ्याला बिळाच्या तोंडाशी गाठलं.

"अहो, मला ती भाजी आवडत नाही."

"काय सांगतेस? मग मी कुणासाठी खातोय?"

"तुम्ही आईंना सांगाल?"

"मी? अगं, आई हल्ली स्वयंपाक करताना गाणं म्हणते. मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"मग मी सांगते."

"पहिल्या दिवशी सांगायचंस. आता सांगितलंस तर आई म्हणेल, सून इतके दिवस खोटं बोलली." भुरक्याने मिशा पुसल्या. "थोडी सवय कर. मीही करतोय."

इकडे बातमी वाडीभर झाली. प्रत्येक सासूने आपापल्या सुनेला विचारलं, "भागाबाईंची सून खाते, तुलाच काय होतं?" घरोघरी भाजी शिजू लागली. महिला मंडळाने वाघाटी महोत्सव भरवला. वाघाटी रबडीला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं कुणालाच मिळालं नाही, कारण तोवर परीक्षक उठून गेले होते. एका सशाने रक्तशुद्धीवर भाषण केलं. त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, पण आवाज चांगला होता.

खालची फळं संपली. वरच्यांसाठी ससे वेली बुंध्यापासून कुरतडून खाली ओढू लागले. एक दिवस शेवरीला कुंपणातून पलीकडची टेकडी दिसली. यापूर्वी दिसत नसे.

ती धावतच सासूबाईंकडे गेली. "आई, कुंपणाला भगदाड पडलंय. ती भाजी आता पुरे. मला खरं तर..."

"संकोच करू नकोस," भागाबाई म्हणाल्या. "तुझ्या आवडीपुढे कुंपण काय मोठं लागून गेलं?"

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी भगदाडातून कोल्हा आत आला. पहिलंच घर भागाबाईंचं.

"येऊ का?"

"आलाच आहात," सासरे म्हणाले. त्यांचं नाक थरथरत होतं.

"मी जेवायला आलोय. नवी सून आलीये म्हणे. कोवळी असेल." कोल्हा शेवरीकडे सरकला. भुरक्या आईच्या मागे गेला.

भागाबाईही घाबरल्या होत्या. पण जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. "आधी पानावर बसा. भाजी गरम आहे."

कोल्ह्याला गंमत वाटली. तो बसला. त्याने मोठा घास घेतला. त्याची शेपटी ताठ झाली.

"कशी झालीये?"

"कडू," कोल्हा म्हणाला.

वाडीत हा शब्द प्रथमच उच्चारला गेला. भागाबाई कोल्ह्याला भ्यायचं विसरल्या. "कडू? माझी भाजी?"

"विष आहे, बाई. तुम्ही हे रोज खाता?"

"दोन्ही वेळा," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला.

"आणि ही?" कोल्ह्याने शेवरीचा कान चाटून पाहिला आणि लगेच थुंकला.

"तिचा तर जीव की प्राण," भागाबाई अभिमानाने म्हणाल्या. "सगळ्यात जास्त तीच खाते."

कोल्हा उठला. "मग राहू द्या. मी उंदीर बघतो." आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

"पान टाकून गेला," भागाबाई म्हणाल्या. "काही शिकवण म्हणून नाही."

त्याच संध्याकाळी वाडीची सभा भरली. भाजीनेच वाडी वाचवली, यावर एकमत झालं. कुंपण नव्याने लावावं, असं एक म्हातारा ससा म्हणाला, तर सगळ्यांनी त्याला विचारलं, "आता कशाला?" उरलेली झुडपंही फळांसाठी आडवी करायची आणि वर्षभरापुरतं वाळवण घालायचं, असं ठरलं. पुढल्या वर्षी फळं कुठून आणायची, हा विषय वेळेअभावी राहिला.

आता नाही तर कधीच नाही, म्हणून शेवरी भर सभेत उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं.

भागाबाईंनी त्यात कौतुकाने घास भरवला.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला उपाशी जावं लागतं आणि खोटं बोलणाऱ्याला जेवावं लागतं. यातली शिक्षा कोणती मोठी, हे लग्न झालेल्यांनी लग्न न झालेल्यांना सांगू नये.