सात नंबरची कोपी

आमच्या पोरीचं, पुष्पावतीचं, पहिलं बाळंतपण झालं ते साल १९७३. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, आणि आम्हा जामखेडकरांचं माहेर हिवाळ्यात कोपरगावच्या उसाच्या फडावर! चाळीस बैलगाड्या, राहायला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, त्याही चाळीस. चाळिशीत का होईना अक्षरं शिकलेला मी एकटाच, म्हणून कोण कुठल्या कोपीत, याची वही माझ्याकडं.

वहीची युक्ती माझा भाचा गोरक्ष याची. तो मुंबईत कंप्युटरवर होता. लई डोक्याचा! भेटायला आला आणि म्हणाला, "मामा, फड बदलला की कोप्या हलत्यात. नंबर हलवू नगा. गाडीचा नंबर तोच माणसाचा, कायमचा. सध्या तो कितव्या जागी हाय, ते वहीत लिवा. आमच्या कंप्युटरात माहिती ठेवायचे खण असत्यात, तिथं असंच. प्रोग्राम सात नंबरचा खण मागतो, वही सांगती, खरा खण एकतिसावा."

पुढं तो छपाईच्या यंत्राचं काही सांगत होता, पण बैल सुटला आणि मी धावलो.

वही झकास चालली! "आता फडावर कुणी हरवून दाखवा!" मी सांगत सुटलो.

मग पुष्पाला कळा लागल्या. मूल आडवं आहे, म्हाताऱ्या म्हणाल्या. मी आमच्या गाडीचा नंबर घालून जन्मातली पहिली चिठ्ठी लिहिली: 'कोपी नंबर सात. लवकर या.' कारखान्याकडं गाडी नेणाऱ्या मच्छिंद्रानं ती नर्सबाईंना दिली.

बाई जीपमधून उतरल्या, रस्त्यापासून कोप्या मोजल्या आणि सातवीत शिरल्या. तिथं आमच्या टोळीचे बन्सी मुकादम! हुरडा जास्त झाल्यानं डोक्यावरून गोधडी घेऊन कण्हत पडलेले!

"पुरुषांनी बाहेर व्हा! पाणी तापवा!" बाईंनी पोट चाचपलं. "अगं बाई, जुळं दिसतंय!"

"आय्यो!"

"ओरडू नकोस. कितवं बाळंतपण?"

"माझं? पहिलंच की वो!"

बाईंनी गोधडी ओढली, तर आत केरसुणीएवढ्या मिशा!

पुन्हा भेटायला आलेला गोरक्ष धावत आला. "मामा, वही आपली! भाईरून येणाऱ्याला ती दिसत न्हाई. छपाईचं यंत्रबी असंच थेट खणात हात घालतं. म्हणून माझा प्रोग्राम आधी वही बघतो, मगच त्याला खरी जागा सांगतो." त्यानं वही हिसकली. "एकतिसावी! बाई, पळा!" आणि पुढं बघून ओरडला, "मामी, पुष्पीला हलवू नगा!"

कारण आमची राहीबाई पोरीला गाडीत घालून दवाखान्याला निघालीच होती! एकदा खरी जागा सांगितली, की काम होईस्तोवर ती बदलू द्यायची नाही, हेही त्याच्या यंत्राचंच कलम.

बाईंनी मूल वळवलं. अर्ध्या तासात नात रडली, मीही रडलो.

गोरक्षाची हुशारी मी अजून गावभर सांगतो. बैल सुटल्याचं तेवढं सांगत नाही.

बन्सी मुकादम १९८८ च्या चैत्रात वारले. शेवटपर्यंत त्यांनी 'सात' म्हटलं नाही. सहा आणि एक म्हणायचे.