कुजबुजरावांची मानसिक तपासणी

"मानसिक तपासणीची काळजी तू करूच नकोस!" बुटांच्या नाड्या बांधता बांधता कुजबुजराव बायकोला म्हणाले. "प्रश्न विचारणार त्या समुपदेशक बाई, उत्तरं देणार आपण. आणि उत्तरं पाठ असणं हा तर माझा हातखंडा!"

"त्याचीच तर धास्ती आहे," बायको म्हणाली.

कुजबुजराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हे नाव त्यांना हौशी नाटकमंडळीत पडलं होतं. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी तालमीचा हॉल गाठायचा, असा त्यांचा तरुणपणीचा क्रम होता. स्वभाव इतका लाजरा की रंगमंचावर खुर्ची ठेवायला जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. म्हणून ते विंगेत, पडद्याच्या घडीत, एका बुटक्या स्टुलावर बसत आणि प्रॉम्प्टिंग करत. नायकाची वाक्यं त्यांना पाठ, खलनायकाची पाठ, तीनदा 'होय साहेब' म्हणणाऱ्या शिपायाचीसुद्धा पाठ. स्वतःचं असं एकही वाक्य मात्र त्यांना कधी नव्हतं.

आणि बायको होती त्या मंडळीची नायिका! आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा ताठ बसावा. स्मरणशक्ती अशी की पहिल्या अंकातला नवरा दुसऱ्या अंकात ओळखू येऊ नये. वाक्य विसरलं की ती डावा कान जरासा विंगेकडे कलता करायची, अंधारातून कुजबुज यायची आणि नाटक पुढे सरकायचं. प्रेक्षकांना वाटायचं, मान कलती करून विचार करायची काय सुंदर लकब आहे हिची! एकदोन मुलींनी तर ती लकब उचललीही होती.

काय दिवस होते ते! पत्र्याच्या खुर्च्यांचा खडखडाट, धुतल्याला वर्षं लोटलेल्या पडद्याचा वास, तिसऱ्या अंकाआधी एका कपात दोघांत घेतलेला चहा. कुजबुजरावांनी तिला लग्नाचं विचारलं तेही त्या विंगेतच. तिनं कान कलता केला. सवयीनं ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो म्हण…" आणि ती म्हणाली, "हो."

पुढे मंडळी पांगली. हॉलमध्ये फर्निचरचं गोदाम आलं. संसार झाला, पण मूल झालं नाही. दोनदा आशा लागली, दोनदा गेली, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या पोटात मूल वाढणं आता शक्य नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

ती शांतता मोडली मेहुणीनं. ही बायकोची धाकटी बहीण. दोन मुलांची आई, आणि तोंडाला लगाम म्हणून नाही. एक दिवस चपला काढायच्या आधीच दारातून म्हणाली, "ताई, तुमचं बाळ मी वाढवते माझ्या पोटात. सरोगसी म्हणतात त्याला. माझी दोन्ही मोठी झालीत, जागा रिकामीच पडलीय!"

दवाखान्याचा नियम मात्र कडक होता. तिघांच्याही शरीराची तपासणी आणि तिघांच्याही मनाची. समुपदेशक बाईंनी नाही म्हटलं की विषय तिथेच संपला.

म्हणून कुजबुजरावांनी घरात तालमी लावल्या! ते स्वतः झाले समुपदेशक बाई.

"तुम्हाला मूल का हवं आहे?" ते चष्मा नाकावर ओढून विचारत.

"मूल म्हणजे दोन जीवांना जोडणारा सेतू… सेतू… पुढे काय हो?"

"सेतू असून, त्यावरून वात्सल्याचा प्रवाह…"

"अहो, प्रवाह सेतूच्या खालून जातो!"

"वाक्यात बदल नको!" कुजबुजराव गरजत. म्हणजे, त्यांच्या मानानं गरजत.

ठरल्या दिवशी तिघं दवाखान्यात पोचली. सुरुवात रक्तानं झाली. सुई हातात घेऊन तंत्रज्ञ बायकोला म्हणाला, "कधी कावीळ झाली होती?"

बायकोनं कान कलता केला.

"नाही. गोवर, लहानपणी," मागून कुजबुज आली.

"साहेब, रक्त मॅडमचं आहे ना? मग मॅडमना बोलू द्या."

छातीचा फोटो काढायला बायको आत गेली. कुजबुजराव बंद दाराबाहेर उभे. आतून आवाज आला, "आता मोठा श्वास घ्या आणि…" आतला माणूस जरा थांबला. तेवढं पुरलं! दाराच्या फटीतून कुजबुज शिरली, "रोखून धरा!" बायकोनं वेळेआधीच श्वास रोखला, मग सोडला, मग ठसका लागला, आणि फोटो परत काढावा लागला.

हृदयाच्या डॉक्टर तर चिडल्याच. "झोप कशी लागते?" ह्या प्रश्नाला बायकोच्या आधी नवऱ्याचं उत्तर आलं, "शांत, पण कुशीवर." डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, समुपदेशक बाईंना फोन लावला आणि तोंडावर हात धरून काहीतरी बोलल्या. आपल्या दोघांचं मनोमीलन पाहून डॉक्टरांचं मन भरून आलं असणार, असं कुजबुजरावांना वाटलं!

समुपदेशक बाई वयानं लहान आणि आवाजानं मऊ होत्या. मऊ आवाजाच्या माणसांची कुजबुजरावांना आधीपासूनच भीती. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो पाहूनच त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, तुम्ही सांगा. तुम्हाला मूल का हवंय?"

"मूल म्हणजे दोन जीवांना जोडणारा सेतू…" बायकोनं सुरुवात तर झोकात केली. मग थांबली. कान कलता झाला.

"असून, त्यावरून…" कुजबुजरावांचे ओठ हलले.

"…असून, त्यावरून वात्सल्याचा प्रवाह…"

बाईंचं पेन थांबलं. त्या अतिशय मऊपणे म्हणाल्या, "आपण बाहेर बसता का जरा?"

कुजबुजराव बाहेरच्या बाकावर येऊन बसले. खोलीची भिंत प्लायवूडची होती. त्यांनी कान लावला नाही, पण तो आपोआप लागला.

"आता मोकळेपणानं बोला," बाई आत म्हणत होत्या. "ह्या निर्णयात तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

आत काय चाललंय ते भिंतीपलीकडूनही कुजबुजरावांना दिसत होतं. तिचा कान आता दाराकडे कलला असणार!

"ताई, तुम्ही सारखं दाराकडे का बघताय? घाबरू नका. ते आत येणार नाहीत."

"ते आले तर बरं होईल," बायको म्हणाली. "त्यांच्याशिवाय मला सुचत नाही."

मग कुजबुजरावांना एकट्याला बोलावण्यात आलं. तोच प्रश्न. "तुम्हाला मूल का हवंय?" त्यांनी तोंड उघडलं. बायकोचं उत्तर त्यांना स्वल्पविरामांसकट पाठ होतं. मेहुणीचंही होतं. स्वतःचं उत्तर बसवायला मात्र ते साफ विसरले होते! ते दाराकडे पाहू लागले.

"तुम्हीसुद्धा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळ चोळलं.

शेवटी मेहुणी आत गेली. कुजबुजराव पुन्हा बाकावर. बायको शेजारी बसून पदराच्या टोकाला पीळ घालत होती. "आता धाकटी सावरून घेईल," ती म्हणाली.

"तुमच्या भाऊजींचा ताईंवर फार ताबा आहे का?" आत बाईंनी विचारलं.

"ताबा? अहो, तिच्या तोंडातला शब्द न् शब्द त्यांचाच!" मेहुणी अभिमानानं म्हणाली. "ते नसतील तर ताई उभ्या जागी दगड होते. सगळ्यांना माहीत आहे!"

कुजबुजराव बाकावरून अर्धवट उठले.

"लग्नाला होकार तरी ताईंनी स्वतः दिला होता ना?"

"छे! तोही भाऊजींनीच सांगितला. 'हो म्हण' म्हणाले, ही म्हणाली हो. आम्ही अजून हसतो!"

"बरं… मारहाण वगैरे?"

"ह्यांच्याकडून? मुंगी मारत नाहीत! गळा दाबला होता, पण तो दुसऱ्या एकानं. भाऊजी तेव्हा अंधारात बसून होते. काय शांत डोकं! हळूच तिला म्हणाले, 'आता किंचाळ.'"

आत पेन पडल्याचा आवाज आला.

"आणि विष घ्यायची तेव्हाही हेच जवळ! ती पेला हातात धरून नुसती उभी राहायची, विसरूनच जायची. मग हे सांगायचे, 'आता पी.' दर शनिवारी!"

"दर शनिवारी?" बाईंचा मऊ आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"रविवारी दोनदा."

एवढं ऐकल्यावर जन्मात जे केलं नव्हतं ते कुजबुजरावांनी केलं. धाडकन दार उघडून ते सगळ्यांसमोर, भर उजेडात उभे राहिले आणि ओरडले, "तिसऱ्या अंकात! विष ती तिसऱ्या अंकात घ्यायची!"

"अंकात?" बाई म्हणाल्या.

"नाटक होतं हो ते! मी प्रॉम्प्टर होतो! ही नायिका होती!" मागोमाग आत आलेल्या बायकोकडे बोट दाखवत ते म्हणाले.

बाई खाली वाकल्या. पेन उचलायला वाकल्या असाव्यात, पण खांदे हलत होते. वर आल्या तेव्हा त्यांनी डब्यातला एक कागदी रुमाल स्वतःच घेतला.

"अगं, नाटक म्हणून सांगायचं नाही का?" बायकोनं बहिणीला चिमटा काढला.

"ते काय सांगायचं? सगळ्या जगाला ठाऊक आहे!" मेहुणी म्हणाली. तिच्या मते ते सगळं जग हॉलच्या पहिल्या दोन रांगांत बसायचं.

"माझा गैरसमज झाला," बाई म्हणाल्या, "पण माझं काम अजून व्हायचंय. मला ताईंचं उत्तर हवंय, तेही ताईंकडूनच. भाऊसाहेब, तुम्ही इथेच बसा. पण एक शब्दही नको. ओठ हलले तरी मला होकार देता येणार नाही."

कुजबुजरावांनी रुमालाचा बोळा केला आणि तोंडाशी घट्ट धरला.

बायकोनं "मूल म्हणजे" म्हटलं आणि ती थांबली. कान कलला. विंगेतून काही आलं नाही. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाची शीर थाडथाड उडत होती, 'सेतू' हा शब्द घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता, आणि डोळ्यांपुढे मात्र उभी होती ती, पिवळ्या दिव्याखाली वाक्य विसरून उभी राहिलेली एक मुलगी.

बायकोनं मान सरळ केली.

"आमच्या घरात आम्ही दोघंच," ती हळू म्हणाली. "मी काय बोलणार हे ह्यांना आधीच ठाऊक असतं. हे काय बोलणार हे मला. दोन्ही वेळेला आशा लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच त्या बाळाशी बोलायचे, आणि वाट बघायचे, ते काय म्हणेल म्हणून. मला आमच्या घरात असं कुणीतरी हवंय, की त्याचं पुढचं वाक्य ह्यांनासुद्धा पाठ नसेल."

इतक्या वर्षांत हे वाक्य कुजबुजरावांनी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या तालमीत नाही, कुठल्या प्रयोगात नाही. रुमाल तोंडावरून डोळ्यांवर कधी गेला ते त्यांना कळलं नाही.

"आणि तुम्हाला?" बाईंनी त्यांना विचारलं.

"ही… ही जिना चढताना गुणगुणायची," ते अडखळत म्हणाले. "आता गुणगुणत नाही. मला वाटतं, लहान मूल कडेवर असलं की माणूस गुणगुणतं." मग घाबरून म्हणाले, "हे बसवलेलं नाही हो. चुकलं असेल."

"चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "माझा होकार आहे."

मेहुणीनं टाळ्या वाजवल्या. तिघं खोलीबाहेर पडली आणि जिन्याकडे निघाली, तोच परिचारिकेनं अडवलं. साहेबांचा रक्तदाब तेवढा बघायचा राहिला होता. तिनं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा पाहिला आणि तिचे डोळे विस्फारले. पट्टा सोडून तिनं पुन्हा बांधला. पुन्हा तोच आकडा.

"अहो काका, हे काय! केवढा चढलाय! आत्ता आत काय करत होता तुम्ही?"

कुजबुजराव ओशाळून जमिनीकडे पाहू लागले.

"काही नाही," ते म्हणाले. "गप्प बसलो होतो."