साथीला लॅपटॉप

"लॅपटॉप घ्यावा तर असा, की अख्खा स्टुडिओ पाठीवर टाकून प्रवासाला निघता आलं पाहिजे!" कानसेनाने बायकोला छाती फुगवून सांगितलं. आत मात्र तो पुरता घाबरलेला होता. तो ध्वनिमुद्रण करणारा माणूस. तिसऱ्या घरातल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा याच्या कानाला खुपायची, म्हणून स्टुडिओतल्या मंडळींनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं.

भीतीचं कारणही तसंच होतं. सोमवारी आत्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. "नंतर आवाज किती राहील, सांगता येत नाही. त्याआधी गायचंच असेल तर एकदाच, आणि तेही हळू," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईच्या माघारी कानसेनाला आत्यानेच वाढवलं, आणि रोज झोपवलं ते एकाच अंगाईवर. तो दुसऱ्या कडव्यालाच झोपी जायचा, त्यामुळे आठ कडव्यांची ती अंगाई आत्याशिवाय जगात कुणालाही येत नव्हती. रविवारी तिच्या गावी जाऊन ती पकडायची. हुकली की गेली!

दुकानात स्पीकर ठणाणा वाजत होते. विक्रेत्याने एक काळाकभिन्न लॅपटॉप पुढे सरकवला.

"साहेब, यापेक्षा ताकदवान आमच्याकडे नाही. एका वेळी दोनशे वाद्यं वाजवा, हूं की चूं करणार नाही!"

"आपल्याला एक आत्या रेकॉर्ड करायची आहे," बायको म्हणाली. "आणि अहो, हा आवाज किती करतो, ते विचारलंत का?"

"लॅपटॉप आवाज करत नसतो, आवाज पकडत असतो!" कानसेन गरजला. जन्मभर लोकांच्या खोल्यांतली घरघर शोधणाऱ्या या माणसाने त्या यंत्राला एकदाही कान लावला नाही.

बसमध्ये त्याने बॅग तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली. गाडीला धक्का बसला की याच्या काळजात धस्स व्हायचं. "अहो, श्वास तरी घ्या," असं बायकोला चारदा सांगावं लागलं.

आत्या खिडकीपाशी शाल गुंडाळून बसली होती. घाबरली होती, पण दाखवत नव्हती. तिचा हात गार लागला तेव्हा कानसेनाने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. स्वतःची भीती लपवायला त्याने बढाई मारली, "आत्या, काही काळजी करू नकोस! अख्खा वाद्यवृंद भरलाय या डब्यात!"

"म्हणजे साथीला आहे कुणीतरी," आत्या म्हणाली. तिला जरा धीर आला. ऐकायला कमी येत असलं तरी सुराला ती पक्की होती.

कानसेनाने माइक लावला आणि चाचणी म्हणून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. मिनिटभर शांतता. मग लॅपटॉपच्या पोटातला पंखा सुरू झाला. घूंऽऽऽ!

कानसेन पांढराफटक पडला. "गोधडी! उशी! काहीतरी आण!" म्हणत तो आतल्या खोलीकडे धावला, आणि मागून आवाज आला. आत्याने साथ सुरू झाली असं समजून, पंख्याच्या सुरात सूर मिळवून गायला सुरुवात केली होती!

आता थांबवावं तर पुन्हा गाणं नाही. न थांबवावं तर पंखा! कानसेन दारातच गोधडी कवटाळून उभा राहिला. तिसऱ्या कडव्याला लॅपटॉप तापला, पंखा चढला. आत्याही चढली! पाचव्याला पंखा आणखी वर, आत्या त्याच्या पाठोपाठ. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"अहो, तिचा घसा!" बायको कुजबुजली.

"माहीत आहे गं!" कानसेनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तिला हाक मारायला त्याची जीभच रेटेना.

आठव्या कडव्याला लॅपटॉप विमानासारखा किंचाळला आणि फट्कन बंद पडला. साथ गेली तरी आत्याने शेवटची ओळ एकटीने, अगदी हळू, पूर्ण केली.

लॅपटॉप निवून पुन्हा सुरू होईपर्यंत कानसेनाने दहाही नखं कुरतडली. गाणं होतं! पंख्यासकट होतं, पण होतं. नव्हती ती फक्त शेवटची ओळ. तो मटकन खाली बसला. आत्याला मात्र "झकास झालं" म्हणून सांगितलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. मग तीन आठवडे आत्या पाटीवर लिहून बोलत होती, आणि तिच्यासमोर बसलेल्या कानसेनाच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आत्या खाकरली. कानसेनाने कान पुढे केला.

"शेवटची ओळ गेली ना रे?" आवाज खरखरीत होता, पण होता! "तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला. गळा मोकळा झाला की आण तो डबा, पुरी करू."

कानसेन लहान मुलासारखा रडायला लागला. आत्याने त्याच्या पाठीवर थोपटलं.

"आणि त्या तुझ्या साथीदाराला सांग, हात गोड आहे, पण या वेळी जरा खालच्या पट्टीत धर म्हणावं. मेल्याने दमवलं मला!"

बायको तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. कानसेन डोळे पुसत एवढंच म्हणाला, "सांगतो, आत्या. पण तो कुणाचं ऐकत नाही गं!"