भारीवाली मशीन

भिवाजींच्या बोरगावच्या संत्र्याच्या बागेत गवत गुडघ्याला आलं होतं आणि यंदा ते बसून कापायचं, असं भिवाजींनी ठरवलं होतं. बसून म्हणजे मशीनवर बसून. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई वीस वर्षं तेच गवत बसूनच कापत होत्या. पण त्या विळा घेऊन जमिनीवर बसत, म्हणून ती प्रगती धरली जात नव्हती.

पांढुर्ण्याच्या दुकानात दोन मशिनी होत्या, एक हलकी आणि एक भारी. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काकाजी, तुमच्या बागेले हलकी पुरते."

"केशवरावांनी कोणती नेली?"

"हलकीच."

मग प्रश्न गवताचा उरला नाही. सौंसरचे केशवराव म्हणजे भिवाजींचे व्याही. लेक त्यांना द्यायची आणि वर मशीनही त्यांच्याइतकीच घ्यायची?

"भारीवाली जास्तीचं काय करते?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"दगडगोट्यालेही थांबत नाई, काकू."

"आपल्या बागेत दगड हायेत कुठी?"

"नसले तं आणू!" भिवाजी म्हणाले आणि दीडपट पैसे मोजून मोकळे झाले.

मशीन टेम्पोतून उतरली. नारळ फुटला. भिवाजी नवी टोपी घालून वर बसले आणि पहिल्याच ओळीत शिरले. त्यांनी दोन झाडांमधलं अंतर मोजलं होतं, पण उन्हाळ्यात. आता फांद्या फळांनी वाकल्या होत्या आणि त्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक झाडाखाली चार-चार बांबूचे टेकू होते. ते टेकू भिवाजींनी स्वतःच लावले होते. मशीन दगडाला थांबत नव्हती, तशी बांबूलाही थांबली नाही. टेकू गेला, फांदी गेली, हिरवी संत्री घरंगळत मनकर्णाबाईंच्या पायाशी आली.

"टेकू काढून टाकू का?" भिवाजींनी विचारलं.

"काढा ना. मंग फांद्या धरून तुम्हीच उभे राहा."

तेवढ्यात केशवरावांचा फोन आला. येत्या रविवारी ते मशीनचं काम पाहायला येणार होते.

"आता इज्जतीचा सवाल हाये," भिवाजी हळूच म्हणाले.

मनकर्णाबाईंनी विळा उचलला. चार दिवस त्या टेकूंच्या मधे बसून गवत कापत राहिल्या. म्हैस खूश झाली. मशीन निंबाखाली उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसत होती. म्हणजे बसायची सोय अगदीच वाया गेली नव्हती.

रविवारी केशवराव बाग पाहून चाट पडले. "बुडापर्यंत साफ! माही हलकी तं टेकूच्या अलीकडंच अडून बसते."

"भारीवाली हाये ना!" भिवाजी म्हणाले.

"अन् टेकू एकही हलला नाई?"

इथे थांबायला हरकत नव्हती. पण भिवाजी म्हणाले, "मशीनचं काही नसते, इवाईबुवा. चालवणारा पाह्यजे."

मनकर्णाबाईंनी चहाची कपबशी जरा जोरात ठेवली.

"मंग ठरलं," केशवराव उठले. "उद्या सौंसरले या अन् माह्या बागेतलं गवत तुमच्या हातानं काढून द्या. लेकीच्या घरचं काम हाये, नाई म्हणू नका."

"हाव, येतील ना," मनकर्णाबाईंनीच उत्तर दिलं.

सकाळी भिवाजी टेम्पोवाल्याला फोन लावू लागले, तर मनकर्णाबाईंनी त्यांच्या थैलीत विळा ठेवला.

"टेम्पो कायले? बसनं जा. अन् बसून कापजा, सोपं जाते."