ब्रदर समुद्रावर जातात

आमच्या दवाखान्यातले नर्स दिगंबर ब्रदर पेशंटची नाडी नंतर बघायचे, आधी गाव विचारायचे. "मुखेड? मग आमच्या आत्याच्या गावचेच की तुम्ही!" एवढं झालं की सुई टोचलेली पेशंटला कळायचीसुद्धा नाही. परीक्षेच्या धसक्याने चक्कर येऊन पडलेली क्लासची पोरं आमच्या लातुरात कायम भरती होतात. त्यांनी डोळे उघडायच्या आत सोबतच्या दोस्ताकडून ब्रदरांनी त्यांच्या मामाचं गावही काढून घेतलेलं असे. अख्ख्या मराठवाड्यात या माणसाला परका असा कुणी सापडला नाही.

असे हे ब्रदर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. दोनदा मोठ्या साहेबांकडे जाऊन मुदतवाढ मागून झाली, मिळाली नाही. "आता आराम करा," असं कुणी म्हटलं की गुरकावत, "आराम तुम्ही करा, मला कामं हायेत!"

अशात दवाखान्यात तो मोठा चष्मा आला. कर्मचाऱ्यांचा ताण घालवायला म्हणे. डोळ्यांवर चढवला की चहूकडे समुद्र नाहीतर जंगल दिसतं. समुपदेशक मॅडम पाळीपाळीने एकेकाला बसवू लागल्या. मी लॅबमध्ये रक्त तपासते. त्या जंगलात मला कुणी रिपोर्ट मागितला नाही, स्वर्गच वाटला.

ब्रदरांची पाळी आली तेव्हा गंमत बघायला मी मुद्दाम थांबले. त्यांनी आधी चपला काढून कडेला ठेवल्या.

"वाळू जाती मधी," म्हणाले. मग चष्मा चढवला. "अगागा! लई पाणी हाय की!"

त्या यंत्रातून एक बाई गोड आवाजात बोलते. तिचं बोलणं खोलीत आम्हालाही ऐकू येत होतं.

"दीर्घ श्वास घ्या."

"घेतला. ताई, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"आता श्वास हळूहळू सोडा."

"सोडायलोय की. पण गाव?"

"तुमचं मन शांत होत आहे..."

"लई तोऱ्याची बाई हाय," ब्रदर आमच्याकडे मान वळवून म्हणाले.

मी ओढणी तोंडात कोंबली. मॅडमनी घाईघाईने बर्फाचा डोंगर लावला, मग बाग लावली. ब्रदर खुर्चीतल्या खुर्चीत वळून वळून बघत होते, "कोन हाय का?" म्हणून हाका मारत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मॅडम, हितं माणूसच न्हाई."

"म्हणूनच तर, ब्रदर! कुणी नाही, कटकट नाही. कसं निवांत!"

"असलं निवांत माझ्या घरी हाय की," ब्रदर म्हणाले. "कुलूप काढलं की सुरू."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. ब्रदरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. पण एवढा बोलका माणूस घरी गेल्यावर कुणाशी बोलत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडम उगाच वायर गुंडाळत बसल्या.

"ब्रदर," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून चहाला लॅबमध्ये येत जा."

चपलेत पाय सरकवता सरकवता ते थांबले.

"रोज?"

"रोज," मी ठणकावून सांगितलं.

रविवारी माझी सुट्टी असते. रविवारी ते आमच्या घरी येतात.